माजलेली जुनी जास्वंद खालपासून छाटावी का? कधी, किती आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला लोकमान्य नगरातल्या एका घराच्या अंगणात वीसेक वर्षांची लाल गावठी जास्वंद आहे. उंची बारा-तेरा फूट, बुंध्याशी सहा-सात जाड खोडं, खालचे पाच फूट नुसतं लाकूड. फुलं येतात ती सगळी शेंड्याला. गच्चीवरून दिसतात, पण पूजेला हाताशी एक मिळत नाही. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरी, कापसासारखी कीड आहे. माळी म्हणतो, मुळासकट काढून नवी लावा. घरच्यांचं मन धजत नाही.

काढू नका. वीस वर्षांची मुळं जमिनीत असताना नवं रोप लावून तीन वर्षं वाट बघायची काहीच गरज नाही. ही जास्वंद दीड फुटापर्यंत खाली घेता येते आणि बहुतेक वेळा ती पुन्हा भरून फुटते. मात्र दोन गोष्टी आधी पक्क्या करा: झाडाच्या अंगात तेवढी ताकद उरली आहे का, आणि कापायचा मुहूर्त बरोबर आहे का. कात्री कशी धरायची हे त्यानंतरचं.

आधी झाड या अवस्थेला का आलं ते समजून घ्या, नाहीतर तीन वर्षांनी परत हेच होईल. अशा झाडांची छाटणी होतच नाही असं नसतं. ती दरवर्षी होते, पण वरून वरून. माळी कात्रीने शेंडे सपाट करून जातो. प्रत्येक कापलेल्या शेंड्याच्या लगेच खालून तीन-चार फुटवे येतात, वर दाट छप्पर तयार होतं, त्याखाली ऊन पोचत नाही आणि खालची पानं गळतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खोडाने खाली उतरत असतं आणि खालच्या डोळ्यांना (जिथून नवी फूट निघते त्या बारीक कोंबांना) दाबून ठेवतं. हे डोळे मरत नाहीत, सालीखाली वर्षानुवर्षं झोपून राहतात. शेंडा खालपर्यंत काढला की तो दाब जातो, आणि मुळांत व बुंध्यात साठलेल्या पिष्टावर (स्टार्चवर) हे झोपलेले डोळे फुटतात. म्हणजे नव्या फुटव्यांचं पहिल्या महिन्याचं जेवण मुळांत आधीपासून साठलेलं असावं लागतं. साठा असेल तर झाड वाचतं, नसेल तर कितीही सफाईने कापा, खुंट वाळतो.

हा साठा बघायचा कसा? गेल्या पावसाळ्यात आलेली वाढ मोजा. नव्या फांद्या वीत-दीड वीत किंवा जास्त वाढल्या असतील आणि पानं गर्द हिरवी असतील, तर झाड धडधाकट आहे. मग प्रत्येक जाड खोडावर जमिनीपासून फूट-दीड फुटावर नखाने किंवा चाकूच्या टोकाने तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडा. करड्या सालीखाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर ते खोड जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं तर थोडं खाली खरवडा. जमिनीपर्यंत हिरवं सापडलं नाही तर ते खोड मेलेलं आहे, तळातून काढायचं. शेवटी बुंध्याजवळची माती खुरप्याने दोन बोटं बाजूला करून पाहा. तिथली साल मऊ पडली असेल, दाबली की सरकत असेल, कुजकट वास येत असेल, तर ती बुंधाकूज आहे. अशा झाडावर जबरी छाटणी करू नका. त्याच्या फांद्यांपासून कलमं करून ठेवा आणि आळ्यात पाणी साठणं आधी थांबवा.

आता मुहूर्त. इंदूरसाठी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला पंधरवडा. थंडी ओसरलेली असते, झाड जागं होत असतं, आणि एप्रिलचं ऊन कडक व्हायच्या आत फुटव्यांना पाच-सहा आठवडे मिळतात. आपल्याकडे सर्रास छाटणी होते ती दिवाळीच्या साफसफाईत, भिंतींना रंग देताना मध्ये येतं म्हणून. जास्वंदीसाठी ती वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा निघालेले कोवळे फुटवे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापडतात. माळव्यात रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, जास्वंद वाढायची थांबते, फुटवे काळे पडतात, आणि साठा खर्च होऊन हाती काही लागत नाही. एप्रिल-मेमध्येही कापू नका. चाळीस अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली साल एकदम उघडी पडली की भाजते आणि तडकते. मार्च हुकला तर दुसरी संधी जूनअखेरची, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजल्यावर. फुटवा तेव्हा जोमाने येतो, पण ओल्या हवेत कापाला बुरशी लागायची भीती जास्त आणि त्या वर्षी गणपतीला फुलं मिळायची आशा सोडावी लागते.

जास्वंद नव्या फुटीवरच फुलते, जुन्या लाकडावर नाही. म्हणून तिला खाली घेण्यात फुलांचं कायमचं नुकसान काहीच नाही, फक्त तीनेक महिन्यांची वाट आहे. मार्चच्या सुरुवातीला कापलं तर जूनपासून तुरळक फुलं आणि भाद्रपदात चांगला बहर, हा हिशेब जमतो.

कापण्याआधीची तयारी

कापायच्या पंधरा दिवस आधी कीड आटोक्यात आणा. तुमच्या वर्णनावरून ती पिठ्या ढेकूण आहे. आधी न मारता कापलंत तर फांद्या ओढताना ती अंगणभर सांडते. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि अर्धा चमचा भांडी घासायचं द्रव साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. सोबत मुंग्यांची रांग शोधा, कारण मुंग्या या किडीला एका फांदीवरून दुसरीवर नेतात आणि तिचं रक्षणही करतात. इमिडाक्लोप्रिडसारखी अंगात भिनणारी औषधं इथे नकोत. या फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर येतात, शिवाय फुलं देवाला जातात आणि प्रसादाच्या ताटातही पडतात.

झाडात घरटं आहे का ते नक्की पाहा. बुलबुल आणि शिंपी पक्ष्याला अशी दाट जास्वंद फार आवडते. अंडी किंवा पिल्लं असली तर ती उडून जाईपर्यंत थांबा, किंवा ते खोड यंदा सोडून बाकीची कापा.

कापायच्या दोन दिवस आधी आळं भरून पाणी द्या. खत मात्र आत्ता नको.

अवजारं तीन लागतात. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री), त्यावर दोन-अडीच बोटांपर्यंत लांब दांड्याची कात्री, म्हणजे लॉपर, आणि त्याहून जाड खोडांना वाकड्या पात्याची छाटणीची करवत. कोयत्याने घाव घालू नका. लाकूड चिरतं, चीर खाली उतरते, आणि जिथे डोळे असतात नेमकं तिथलंच लाकूड मरतं. सिकेटर घेताना दोन पाती एकमेकांना घासून जाणारं घ्या. पातं सपाट पट्टीवर आपटणारं घेतलं तर ओली फांदी चेचली जाते. पाती स्पिरिटने पुसून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा.

प्रत्यक्ष कापताना

पहिल्यांदा मेलेली खोडं तळातून काढा. मग एकमेकांना घासणारी, आणि भिंतीकडे वाकलेली. सातांपैकी दोन-तीन अशीच जातील आणि आतलं सगळं दिसायला लागेल. उरलेली चार-पाच धडधाकट खोडं खाली घ्यायची, पण सगळी एका पातळीवर नकोत. बाहेरची एक फुटावर, मधली दीड-पावणेदोन फुटांवर. यामुळे फुटवे वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि झाड खालपासून भरतं.

एक बारीक, पानं असलेली फांदी तशीच राहू द्या. बुंध्याजवळून निघालेली असली तर उत्तम. ती थोडं अन्न तयार करते आणि मुळांकडून वर पाणी ओढलं जाणं चालू ठेवते. नवे फुटवे वीतभर झाले की तीही काढायची. ज्यांनी सगळं सपाट केलं त्यांचीही झाडं फुटतात, पण जुन्या झाडाच्या बाबतीत हा आधार ठेवणं मला जास्त पटतं.

मनगटाएवढं जाड खोड एका दमात कापू नका. वरचा भार अर्ध्यातच कोसळतो आणि खालपर्यंत सालीची पट्टी सोलत नेतो. आधी जिथे शेवटचा काप हवा त्याच्या हातभर वर, ज्या बाजूला खोड झुकलं आहे त्या बाजूने एक तृतीयांश जाडीपर्यंत करवत चालवा. मग त्याच्या दोन बोटं वर विरुद्ध बाजूने कापा. भार सुटून पडेल. उरलेला हलका खुंट हाताने धरून हव्या त्या उंचीवर शेवटचा काप घ्या. हा काप किंचित तिरपा असावा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही. डोळा दिसत असेल तर त्याच्या पाव इंच वर, आणि उतार डोळ्याच्या उलट दिशेला. जुन्या लाकडावर डोळे दिसत नाहीत. तिथे गळलेल्या पानांचे जुने वण, सालीवरच्या आडव्या रेघा बघा. डोळे त्यांच्या आसपास असतात.

कापलेला भाग निरखून पाहा. आतलं लाकूड पांढरट, एकसारखं असलं पाहिजे. मधोमध तपकिरी डाग किंवा पोकळी दिसली तर आणखी चार बोटं खाली या, पांढरं लाकूड लागेपर्यंत.

तुमची जास्वंद गावठी आहे, म्हणून कुठेही कापलं तरी तीच फुटते. पण नर्सरीतली मोठ्या फुलांची संकरित जास्वंद बऱ्याचदा गावठीवर कलम केलेली असते. बुंध्याशी जिथे गाठ किंवा सालीचा रंग बदललेला दिसतो त्याच्या खाली कापलंत तर पिवळ्या डेरेदार फुलांऐवजी पुढे साधी लाल फुलं येतील. कलमाच्या जोडापासून किमान वीतभर वर थांबा आणि जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा खुडून टाका.

कापांवर काय लावायचं? बोटाएवढ्या कापांवर काहीच नको, ते आपोआप भरतात. एक इंचाहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, पावसाळ्यात कापलं असेल तर हमखास. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) प्लास्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात रात्रभर विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात विझवून गाळून घ्या. थंड झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत लाकडी काठीने ढवळा. मग त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, ते साल भाजेल. चुना थोडा वाढवून पुन्हा बघा. खिळा स्वच्छ निघाला की पेस्ट तयार. त्याच दिवशी वापरा, हातमोजे घाला, उरलेली माशांच्या टाकीजवळ किंवा विहिरीजवळ ओतू नका. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड पाण्यात कालवून लावली तरी चालते. शेण, हळद, ऑइल पेंट यांतलं काही लावू नका. पेंटखाली ओल कोंडते.

राहिलेल्या खुंटांच्या बाजूंना, विशेषतः पश्चिमेकडे, ताकाइतका पातळ चुना फासा. एप्रिलच्या दुपारचं ऊन त्यावरून परतून जातं आणि साल भाजत नाही. हे काम सगळे विसरतात, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात खुंट वाळण्याचं ते एक मोठं कारण आहे.

कापल्यानंतरचे तीन महिने

सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात, आणि मरतात ती लाडाने. पानंच नसलेलं झाड पाणी फार कमी उडवतं, आणि आपली काळी माती पाणी धरून बसते. रोज बादली ओतली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. छाटल्यावर एकदा १५-२० लिटर पाणी हळूहळू द्या. त्यानंतर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मार्चमध्ये साधारण पाच-सहा दिवसांनी एकदा पुरतं. फुटवे वाढून पानं पसरली की मे महिन्यात तीन-चार दिवसांवर या. आळं बुंध्यापासून दीड-दोन फूट रुंद, आणि बुंधा थोड्या उंचवट्यावर, पाणी त्याला टेकणार नाही असा.

काळी माती वाळली की भेगाळते आणि भेगा बारीक मुळं तोडतात. म्हणून आच्छादन हवंच. माळव्यात सोयाबीनचं भुसं सहज मिळतं. त्याचा तीन बोटं थर द्या, फक्त बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा.

तीन ते पाच आठवड्यांत सालीतून लालसर-हिरव्या गाठी दिसू लागतील. जुन्या लाकडाला सात-आठ आठवडेही लागतात. उकरून पाहू नका, खत घालून घाई करू नका. अधूनमधून नखाने खरवडा. खाली हिरवं आहे तोवर थांबा.

फुटवे दोन-तीन इंचांचे झाले की मग खत: ४-५ किलो कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड, आळ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात मिसळून. डीएपी आणि हाडांचा चुरा जास्वंदीला देऊ नका. त्या दोन्हींत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं आणि तिला ते फार मानवत नाही. जास्त झालं की लोह-जस्त घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. तिला पालाश (पोटॅश) आवडतं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १० लिटर पाण्यात २० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट पुरतं.

एकेका खुंटावर आठ-दहा फुटवे येतात आणि सगळे ठेवायचा मोह होतो. तीन-चारच ठेवा, वेगवेगळ्या दिशांना जाणारे, बाहेर तोंड असलेले. बाकीचे कोवळे असतानाच अंगठ्याने मोडून काढा. राहिलेले फुटवे वीतभर झाले की वरची दोन पानं शेंड्यासकट खुडा. प्रत्येकाला दोन-तीन फांद्या फुटतील. अशी खुडणी एक-दोनदा करा, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यानंतर थांबा. खुडल्यापासून कळी यायला आठ-दहा आठवडे जातात. जुलैत खुडलंत तर गणपतीत पानंच वाहावी लागतील.

पिठ्या ढेकूण उरलेल्या खुंटांच्या चिरांत आणि मातीलगत लपून राहते. जुन्या दातघासणीने साबणाच्या पाण्यात घासून काढा, आणि कोवळी फूट आली की निंबोळी तेल दर आठ दिवसांनी, तीनदा. दुपारच्या उन्हात फवारू नका, पानं करपतात.

काय बिघडतं आणि का

फुटवे येऊन आठवड्यात मान टाकतात: बहुधा मूळकूज, पाणी थांबवा आणि माती उकरून हवा खेळू द्या. कापापासून खाली काळेपणा उतरत जातो: ती शेंडामर, निरोगी लाकडापर्यंत परत कापा आणि पेस्ट लावा. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. काळ्या मातीचा सामू (पीएच) सहसा ७.५ च्या वर असतो आणि बोरिंगचं जड पाणी त्यात भर घालतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून पानांवर फवारा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (पाकिटावर तसं लिहिलेलं असतं) घ्या. ईडीटीए प्रकारचं आपल्या मातीत फार टिकत नाही. झाड हिरवंगार पण कळी नाही: युरिया जास्त झाला, किंवा ऊन पाच तासांपेक्षा कमी आहे. शेजारच्या भिंतीची सावली असेल तर छाटणीने ती कमी होणार नाही. कळ्या धरून गळतात: मेमध्ये पाण्याची ओढाताण, एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब.

झाड अशक्त वाटलं, गेल्या वर्षीची वाढ चार बोटांहून कमी असली, तर हे सगळं एका मार्चमध्ये करू नका. दर मार्चला सगळ्यात जुनी एक तृतीयांश खोडं तळाशी वीतभरावर कापा. तीन वर्षं लागतात, पण झाडाला पानं कायम राहतात आणि साठा भरत जातो. धडधाकट झाडालाही चौथ्या वर्षापासून हाच नेम ठेवला, दर फेब्रुवारीअखेर एक-दोन सर्वांत जाड खोडं तळातून, तर पुन्हा करवत घेऊन बसायची वेळ येत नाही.

कापलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, तीन-चार पेरांची दहा-बारा कलमं जरूर करा. वर दोन पानं अर्धी कापून ठेवा, दोन पेरं वाळू-कोकोपीटमध्ये पुरा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. मार्चच्या कोरड्या हवेत पिशवीशिवाय ती जगत नाहीत. सहा-आठ आठवड्यांत मुळं धरतात. मूळ झाड दगावलं तरी वाण घरात राहतो.

बाकी पाला कंपोस्टला जाऊ द्या. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत जी कंपोस्ट पद्धत बसवली आणि जी जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, तिच्यात कापूस-तुरीच्या काटक्या आधी बैलगाड्यांच्या वाटेवर टाकून चेचून घेत, कारण अख्खं लाकूड कुजत नाही. घरी तेच तत्त्व पाळा: फांद्यांचे बोटभर तुकडे, पाला, शेण आणि थोडी माती यांचे थर, ओल कायम, आणि अधूनमधून उलथापालथ. किडीने भरलेल्या फांद्या मात्र त्यात नकोत. काळ्या पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा, मग टाका.

अंगणातल्या बाकीच्या झाडांना हाच नियम सरसकट लावू नका. तगर, रातराणी, मधुकामिनी खालपर्यंत कापलेली सोसतात. मोगरा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फूट-दीड फुटावर घ्या. अनंत जुन्या वाढीवर कळी धरतो, त्याला बहर संपल्यावर जुलैच्या आत आणि हलक्या हाताने. गुलाबाची आपल्याकडची छाटणी ऑक्टोबरची. कण्हेर कितीही कापा, फुटते. फक्त तिचा चीक आणि पानं विषारी आहेत, हातमोजे घाला, फांद्या जाळू नका आणि गाई-बकऱ्यांच्या तोंडी लागतील अशा टाकू नका. मोरपंखीला जुन्या लाकडावरून फूटच येत नाही, तिला हिरव्या भागाच्या खाली कधीही कापू नका.